होमस्टेडची टाळेबंदी (१८९२)



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो ‘अमेरिकेतील कारखानदारी आणि कामगार’ असा. विषय अफाट आहे. रेल्वेचे जाळे, रॉकफेलरचे तेल, शिकागोचे कत्तलखाने, १८७७ चा रेल्वे संप, १८८६ चे हेमार्केटचे प्रकरण, १८९४ चा पुलमनचा संप, यांतील एकेकावर एकेक दिवस पुरणार नाही. शिवाय ज्या हेमार्केटमधून आपला १ मे निघाला, त्याची कथा या सभागृहातल्या अनेकांना आमच्याइतकीच पाठ आहे. म्हणून आम्ही एकच गाव आणि एकच साल घेतले आहे. गाव होमस्टेड, साल १८९२. कामगार चळवळीत तीसेक वर्षे घालवलेल्या माणसाला या गावाची हकीकत वाचताना पुष्कळदा पुस्तक मिटून ठेवावे लागते. इतक्या गोष्टी ओळखीच्या निघतात.

प्रथम एक शब्द दुरुस्त करून घेऊ. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला ‘होमस्टेडचा संप’ म्हणतात. ती टाळेबंदी होती. कामगारांनी काम सोडण्यापूर्वी मालकाने दरवाजे लावले होते, कुंपण घातले होते आणि बंदूकवाले मागवले होते. शब्दांत काय आहे, असे कोणी म्हणेल. ज्याला औद्योगिक न्यायालयात उभे राहावे लागते, तो तसे म्हणणार नाही.

आता पोलाद. अमेरिकेत यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि रेल्वेचे रूळ पश्चिमेकडे धावू लागले. लोखंडी रूळ लवकर झिजत. पोलादी रूळ टिकत, पण महाग पडत. १८७० च्या सुमारास पोलादी रुळाचा भाव टनाला १०० डॉलर्सच्या वर होता. शतक संपता संपता तो २० डॉलर्सच्या खाली आला. १८८० साली अमेरिकेत सुमारे १२॥ लाख टन पोलाद निघाले, १९०० साली १ कोटी टनांच्या वर. वीस वर्षांत आठपट! मध्यंतरी इंग्लंडही मागे पडले. हा पराक्रम यंत्रांचा होता, खाणींचा होता, आणि तो माणसांचाही होता.

या पराक्रमाच्या शिखरावर जो माणूस बसला त्याचे नाव अँड्र्यू कार्नेगी. त्याचा जन्म १८३५ साली स्कॉटलंडमधील डन्फर्मलिन या गावी झाला. बाप हातमागावर तलम कापड विणणारा विणकर. वाफेचे माग आले आणि बापाचा माग बंद पडला. ही गोष्ट सोलापूर-मालेगावकडच्या श्रोत्यांना समजावून सांगायला नको. घरात चार्टिस्टांचे वातावरण होते. मताचा हक्क मिळवण्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंडातील मजुरांनी जी चळवळ केली, तिच्यात त्याचे आप्त होते. १८४८ साली हे कुटुंब पोट भरण्यासाठी अमेरिकेत पिट्सबर्गजवळ आले. तेरा वर्षांचा अँड्र्यू एका कापडगिरणीत बॉबिन बदलणारा पोऱ्या म्हणून लागला. पगार आठवड्याला १ डॉलर २० सेंट. पुढे तारेचा पोऱ्या, मग पेनसिल्व्हेनिया रेल्वेत साहेबाचा मदतनीस, मग भाग भांडवलाचे व्यवहार, पुलांचा कारखाना, आणि १८७५ साली ब्रॅडॉक येथे स्वतःचा पोलादाचा कारखाना. कारखान्याला नाव दिले एडगर थॉमसन. हा थॉमसन कोण? पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अध्यक्ष, म्हणजे रुळांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक! व्यवहार कसा करावा, हे या गृहस्थाला कोणी शिकवायला नको होते.

त्याची खरी विद्या मात्र निराळीच होती. ती म्हणजे खर्चाचा ताळा. एक टन पोलाद काढायला कोळसा किती, चुनखडी किती, विटा किती, मजुरी किती, याचा पत्रक-हिशेब तो सतत पाही आणि एका खात्याचा मुकादम दुसऱ्यापेक्षा एक पैसा जास्त का खर्चतो, हे विचारी. नफा किती झाला, हे त्याच्या लेखी मागाहून येई. खर्च खाली आणला की मंदीतही आपण विकू शकतो आणि दुसऱ्याला बुडवू शकतो, हे त्याचे सूत्र. मंदी आली की इतर कारखानदार भट्ट्या विझवीत. कार्नेगी त्या वेळी कारखाने स्वस्तात विकत घेई. होमस्टेडचा कारखाना त्याला असाच १८८३ साली मिळाला. कोळशापासून कोक करण्याच्या धंद्यात हेन्री क्ले फ्रिक नावाचा तरुण राजा झाला होता. त्याला भागीदार करून कार्नेगीने कोक हाताशी घेतला, पुढे लोखंडाच्या खाणी, बोटी आणि रेल्वेही घेतल्या. दगड खाणीतून निघाल्यापासून रूळ गाडीत चढेपर्यंत मध्ये परका माणूस नाही, अशी ही व्यवस्था होती.

या पत्रकात एक ओळ अशी होती की, जी खाली येत नव्हती. ती कुशल कामगारांच्या मजुरीची.

होमस्टेड हे पिट्सबर्गपासून सुमारे सात मैलांवर, मोनोंगहीला नदीच्या काठचे सुमारे ११ हजार वस्तीचे गाव. कारखान्यात सुमारे ३,८०० माणसे. युद्धनौकांची चिलखती पत्रे आणि मोठाल्या तुळया येथे लाटल्या जात. लोखंड-पोलाद कामगारांची जी मोठी युनियन होती, तिचे नाव अमॅल्गमेटेड असोसिएशन. स्थापना १८७६ ची. १८९१ मध्ये तिचे २४ हजारांवर सभासद होते आणि त्या काळात ती देशातील बलाढ्य युनियनांपैकी एक गणली जाई. पण होमस्टेडमध्ये तिचे सभासद होते अवघे आठशेच्या आसपास. ते सारे कसबी लोक: भट्टीवरचे, लाटणयंत्रावरचे. बाकीचे तीन हजार बिगारी, हेल्पर, मेकॅनिक. त्यांत नुकतेच आलेले स्लोव्हाक, हंगेरियन वगैरे पुष्कळ. त्यांना युनियनमध्ये जागा नव्हती. ही गोष्ट आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

१८८९ साली या युनियनने होमस्टेडला एक लढा जिंकला आणि तीन वर्षांचा करार केला. कराराची मुदत ३० जून १८९२. मजुरी टनामागे, आणि ती सरकती. म्हणजे पोलादाच्या बिलेटचा बाजारभाव चढला की टनामागचा दर चढायचा, भाव उतरला की दर उतरायचा. मात्र खाली एक पायरी बांधलेली होती, २५ डॉलर्सची. भाव त्याच्याही खाली गेला तरी मजुरी २५ डॉलर्सच्या हिशेबानेच द्यायची. १८९२ साली कंपनीने म्हटले, पायरी २२ डॉलर्सवर आणा. शिवाय काही खात्यांत टनामागचा दर कमी करा. तिचा युक्तिवाद असा की, नवी यंत्रे आम्ही आणली, त्यांच्यामुळे टन वाढले. मग टन वाढल्याचा पैसा तुम्ही का घ्यावा? कामगारांचे उत्तर असे की, यंत्र वेगाने फिरते तेव्हा आमचा घामही वेगाने गळतो. हा वाद त्या दिवशी सुटला नाही आणि अजूनही कोठे सुटलेला आम्ही पाहिला नाही. यंत्राच्या किमतीचा हप्ता कोणी फेडायचा, हाच आजही प्रत्येक वाटाघाटीत शेवटचा प्रश्न असतो.

कंपनीची तिसरी मागणी वरवर किरकोळ होती. करार जूनअखेर संपतो, तो यापुढे ३१ डिसेंबरला संपावा. वाचणारा सहज पुढे जाईल. पण पेनसिल्व्हेनियातली जानेवारी म्हणजे बर्फ. घरात कोळसा हवा, मुलांना बूट हवेत, भाजी मिळत नाही, उघड्यावर सभा घेता येत नाही. जुलैत जो माणूस दोन महिने घरी बसू शकतो, तो जानेवारीत दोन आठवडे बसू शकत नाही. आमच्याकडे जून महिना असा असतो: मुलांची वह्या-पुस्तके, घराची शाकारणी, पेरणीला गावी धाडायचे पैसे. आम्ही वाटाघाटीला बसलो की करार कोणत्या महिन्यात संपतो ते आधी पाहतो, मग आकडे. होमस्टेडच्या लोकांनाही ते कळत होते.

२३ जूनला शेवटची बैठक झाली. कंपनी २३ डॉलर्सवर आली, युनियन २४ वर. फरक एका डॉलरचा उरला होता! कंपनीच्याच म्हणण्याप्रमाणे या कपातीची झळ ३,८०० पैकी ३२५ माणसांना लागणार होती. एवढ्यावरून माणसे मरतात का? मरत नाहीत. ज्याला तडजोड हवी असते त्याला एक डॉलर अडवीत नाही. फ्रिकला तडजोड नको होती, युनियन नको होती. आणि कार्नेगीलाही नको होती. याचा पुरावा असा की, एप्रिल महिन्यातच कार्नेगीने एका नोटिशीचा मसुदा लिहून दिला होता, त्याचा आशय कारखाना यापुढे युनियनविना चालेल असा होता.

आणि याच कार्नेगीने १८८६ साली मासिकांत लेख लिहून सांगितले होते की, कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे आणि संपावर गेलेल्या माणसाची जागा दुसऱ्याने बळकावणे गैर आहे, जवळजवळ धर्माज्ञेच्या भाषेत! होमस्टेडच्या कामगारांनी ते लेख वाचले होते. त्यांना खरोखर वाटत होते की, फ्रिक वाईट आहे, पण म्हातारा आपल्या बाजूचा आहे. म्हातारा त्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील रॅनॉक सरोवराकाठी विश्रांतीला गेला होता. तेथून तो फ्रिकला लिहीत होता की, तू जे करशील त्याला आमची संमती आहे. मोठा मालक दयाळू आणि मॅनेजर दुष्ट, ही समजूत आम्ही अनेक गेटांवर ऐकली आहे. एका कारखान्यात तर आमच्याच माणसांनी मालकाच्या बंगल्यावर हार घेऊन जाण्याचा ठराव केला होता; मालक त्या आठवड्यात परदेशी होते.

फ्रिकने जूनमध्येच कारखान्याभोवती सुमारे तीन मैल लांबीचे फळ्यांचे उंच कुंपण घातले, वर काटेरी तार, मध्ये भोके. लोकांनी त्याला नाव दिले ‘फ्रिकचा किल्ला’. २५ जूनला त्याने पिंकर्टन एजन्सीला लिहून ३०० पहारेकरी मागवले. पिंकर्टन ही खाजगी डिटेक्टिव्ह कंपनी. गुप्तहेर पेरणे आणि संपाच्या जागी बंदूकवाले पुरवणे हा तिचा मोठा धंदा झाला होता. दरमाणशी दररोज ५ डॉलर्स कंपनीने द्यायचे. महिनाअखेरीस खात्यांमागून खाती बंद होऊन टाळेबंदी पुरी झाली.

येथे फ्रिकचा हिशेब चुकला. ज्यांच्या मजुरीला हात लागणार नव्हता आणि ज्यांना युनियनने दारात उभे केले नव्हते, त्या तीन हजार बिगाऱ्यांनी आणि मेकॅनिकांनी सभा घेऊन कसबी लोकांबरोबर राहण्याचे ठरवले. गावचा नगराध्यक्ष जॉन मॅक्लकी हा स्वतः याच कारखान्यातला कामगार. युनियनच्या आठ शाखांची एक सल्लागार समिती बनली, तिचा पुढारी ह्यू ओडॉनेल. समितीने रस्त्यांवर, नदीवर, स्टेशनवर पहारे ठेवले, दारूच्या दुकानांवर नजर ठेवली. शेरीफने आपले मोजके शिपाई पाठवले, त्यांना समितीने इजा न करता परत पोचवले.

५ जुलैच्या रात्री पिट्सबर्गच्या खाली ओहायो नदीवर ३०० पिंकर्टन दोन पडावांत चढले. यांतले कित्येक शिकागो, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरून गोळा केलेले बेकार लोक होते. आपण कोठे आणि कशासाठी जात आहोत, हे त्यांतल्या पुष्कळांना धड सांगितलेले नव्हते. पडावात विंचेस्टर रायफलींच्या पेट्या होत्या. ‘लिटल बिल’ नावाची आगबोट पडाव ओढीत होती. पहारेकऱ्यांनी अंधारात त्यांना ओळखले, तार गेली, घोडेस्वार धावला, गावातले भोंगे वाजू लागले. पहाटे चारच्या सुमारास पडाव होमस्टेडला लागले, तेव्हा हजारो माणसे काठाकाठाने धावत होती. बायका होत्या, पोरे होती; कोणाच्या हाती बंदूक, कोणाच्या हाती काठी किंवा कुंपणाची फळी. फ्रिकचे कुंपण नदीपर्यंत येत होते, ते लोकांनी मोडले आणि धक्क्यावर उतरले.

फळी टाकून पिंकर्टन उतरू लागले. त्यांना परत फिरायला सांगण्यात आले. पहिली गोळी कोणाची, हे कोर्टातही ठरले नाही. मग दोन्हीकडून सुरू झाले आणि दिवस उजाडल्यावरही थांबले नाही. ‘लिटल बिल’ जखमींना घेऊन निघून गेली. पडावांना इंजिन नसते, त्यामुळे आतली माणसे उन्हात, बंद लाकडी पेटीत अडकली. लोकांनी पेटता तराफा सोडला, डायनामाइट फेकले, नदीत तेल सोडून आग लावण्याचा खटाटोप केला. पलीकडच्या काठावरून तोफही डागली. त्या तोफेच्या गोळ्याने एक आपलाच कामगार ठार झाला. आतल्यांनी पांढरे निशाण दाखवले, ते पाडले गेले. पुन्हा दाखवले, पुन्हा पाडले गेले. अखेर संध्याकाळी पाचच्या सुमारास ओडॉनेलने लोकांना आवरून शरणागती मान्य करवली. पिंकर्टनांना सुखरूप जाऊ देऊ, असे वचन दिले गेले.

ते वचन पाळले गेले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. शरण आलेल्यांना दुतर्फा गर्दीतून चालवत नेले आणि त्यांना लाथा, काठ्या, दगड बसले. मारणाऱ्यांत सकाळी ज्यांच्या घरची माणसे पडली त्या बायका होत्या, हे खरे. समितीच्या लोकांनी मध्ये पडून काहींना वाचवताना स्वतः मार खाल्ला, हेही खरे. पण जमावाला दिलेला शब्द पाळायला लावता आला नाही, की पुढाऱ्याचा शब्द पुढच्या टेबलावर कोणी घेत नाही. कामगारांपैकी ७ आणि पिंकर्टनांपैकी ३ अशी १० माणसे त्या दिवशीच्या लढाईत मेली, असे बहुतेक इतिहासकार धरतात. मेलेल्या कामगारांत युनियनमध्ये जागा नसलेले स्लाव मजूरही होते.

सगळ्या देशाने हे वर्तमानपत्रांतून वाचले आणि सहानुभूती कामगारांकडे झुकली. पण कारखाना चालवायचा तर सहानुभूतीने चालत नाही. १२ जुलैला गव्हर्नर पॅटिसन याने राज्याची ८,५०० सेना गावात उतरवली. गंमत अशी की, लोकांनी तिच्या स्वागताला बँड तयार ठेवला होता! सरकार निःपक्षपाती असते, आता पिंकर्टनांऐवजी खरे शिपाई आले, असे त्यांना वाटले. जनरल स्नोडनने ते स्वागत झिडकारले. सेना ऑक्टोबरपर्यंत राहिली आणि तिच्या आडून फ्रिकने संपफोडे आत नेले, त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय कुंपणाच्या आतच केली.

२३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन नावाचा अराज्यवादी तरुण न्यूयॉर्कहून येऊन फ्रिकच्या कचेरीत शिरला आणि त्याने फ्रिकवर गोळ्या झाडल्या, सुराही मारला. फ्रिक वाचला, असल्या जखमांनिशी त्याने टेबलावरचे काम पुरे केले. माणूस कसलाही असो, भ्याड नव्हता. बर्कमनचा युनियनशी काडीचा संबंध नव्हता, होमस्टेडात त्याला कोणी ओळखतही नव्हते. परंतु त्याच्या पिस्तुलाने कामगारांची जी हानी केली ती तीनशे रायफलींना करता आली नव्हती. इआम्स नावाच्या एका सैनिकाने ही बातमी ऐकून गोळी मारणाऱ्याचा जयजयकार केला, तेव्हा त्याला त्याच्या कर्नलने अंगठ्यांनी टांगले, अर्धे डोके भादरले आणि सेनेतून हाकलून दिले.

मग कोर्ट. खून, दंगा, कट अशा आरोपांवर पुढाऱ्यांना धरले. वर राज्याच्या सर्वोच्च न्यायाधीशाने पुढाकार घेऊन राजद्रोहाचाही आरोप ठेवववला. ६ जुलैच्या लढाईबद्दल एकाही ज्युरीने कामगाराला दोषी ठरवले नाही, हे पिट्सबर्गच्या सामान्य माणसांना भूषणावह आहे. पण निकालाची गरज तरी कोणाला होती? एका खटल्यात सुटला की दुसऱ्यात पकडायचा. फंड जामिनात आणि वकिलांत आटला. ज्याने युनियन चालवली आहे त्याला या युक्तीचे नवल वाटणार नाही. नोव्हेंबरच्या मध्यास बिगारी आणि मेकॅनिक यांनी आम्हांला मोकळे करा असे म्हटले, आणि २० नोव्हेंबरला युनियनने लढा मागे घेतला. मते पडली १०१ विरुद्ध ९१. मोठी युनियन या दोनशे मतांपाशी येऊन थांबली होती.

मॅक्लकीचे पुढे काय झाले? काळ्या यादीत नाव, कोठेही काम नाही. काही वर्षांनी कार्नेगीच्या एका स्नेह्याला तो मेक्सिकोत खाणीवर मजुरी करताना भेटला. कार्नेगीने नाव न सांगता पैसे पाठवायची तयारी दाखवली. मॅक्लकीने, देणारा कोण हे न कळताच, मदत नाकारली. माझे मी पाहीन म्हणाला. ही हकीकत कार्नेगीने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात मोठ्या समाधानाने दिली आहे, कारण मागाहून देणाऱ्याचे नाव कळल्यावर मॅक्लकी त्याच्याविषयी बरे बोलला. आम्हांला तीत नकारच मोठा वाटतो.

आता युनियनचे स्वतःचे पाहू. आठशे कसबी लोकांनी तीन हजार बिगाऱ्यांना वर्षानुवर्षे बाहेर ठेवले आणि संकट आल्यावर त्यांनीच छाती पुढे केली. काळ्या कामगारांना घ्यायला युनियनच्या घटनेत अडचण नव्हती, पण प्रत्यक्षात गोऱ्यांच्या शाखा त्यांना आत घेत नसत. मग फ्रिकने दक्षिणेकडून काळे कामगार आणले तेव्हा त्यांना संपफोडे म्हणून शिव्या देण्याचा अधिकार किती उरला? ज्याला आपण पंक्तीला बसू दिले नाही, त्याने आपल्यासाठी उपास करावा, अशी ही अपेक्षा होती. त्याच दशकात मुंबईत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र करून जी मागणी केली, ती साऱ्या खात्यांच्या कामगारांसाठी होती. आणि १८९० च्या जूनमध्ये आठवड्याची सुटी मिळाली ती झाडूवाल्यापासून विणकरापर्यंत सर्वांना. पैसा, पुस्तके, नियम, सारे अमेरिकेकडे अधिक होते. ही एक गोष्ट मात्र आमच्याकडे अधिक होती. आमच्या गिरण्यांतही विणकरांच्या खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नसे, हे आम्ही विसरलेलो नाही.

होमस्टेडनंतर पोलादाच्या धंद्यातून युनियन उखडली गेली. बारा तासांची पाळी हा नियम झाला. दिवसपाळी आणि रात्रपाळी दर पंधरवड्याला बदलत. त्या बदलाच्या दिवशी एका गटाला चोवीस तास सलग उभे राहावे लागे. कार्नेगीच्या कंपनीचा नफा १८९२ साली सुमारे ४० लाख डॉलर्स होता, १९०० साली ४ कोटी. पत्रकातली ती ओळ खाली आली होती.

आणि १८९८ साली कार्नेगीने होमस्टेडच्या टेकडीवर एक भव्य वाचनालय बांधून दिले. आत संगीतगृह, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा. जगभर त्याने अडीच हजारांवर वाचनालये बांधली. या बाबतीत आम्हांला निकाल देणे सोपे जात नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते गावच्या सार्वजनिक वाचनालयात. त्याची इमारत एका व्यापाऱ्याच्या देणगीतून झालेली आहे आणि त्या व्यापाऱ्याच्या वखारीतले हमालही आम्हीच संघटित केले. देणगीच्या पुस्तकावर पैसा कोठून आला हे छापलेले नसते, आणि पुस्तक उघडणाऱ्या पोराला त्याची फिकीरही नसते. म्हणून वाचनालयाला नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही. पण आम्ही तेथे जाऊ शकलो ते आमची पाळी आठ तासांची होती म्हणून. १९०७-०८ साली मार्गारेट बायिंग्टन या अभ्यासक बाईंनी होमस्टेडच्या घराघरांत जाऊन संसाराचे हिशेब टिपले. त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. बारा तास भट्टीसमोर उभा राहून आलेला माणूस जेवतो आणि झोपतो, हे त्यात पानोपानी दिसते. टेकडीवर पुस्तके होती, खाली वेळ नव्हता. कार्नेगीने १८८९ साली संपत्तीवर निबंध लिहून असे प्रतिपादले होते की, श्रीमंताने पैसा मजुरीत वाटण्यापेक्षा साठवून लोकहिताच्या संस्थांना द्यावा, कारण लोक तो खाण्यापिण्यात उडवतील. आमच्या हातातला चार तासांचा वेळ काढून घ्यायचा आणि त्याच्या मोबदल्यात एक इमारत द्यायची, तीही आम्हांला न विचारता! विणकराच्या मुलाला हे सुचावे, याचे आम्हांला अजून वाईट वाटते.

१९०१ साली कार्नेगीने आपली कंपनी सावकारांचा राजा जे. पी. मॉर्गन याला ४८ कोटी डॉलर्सना विकली. त्यातून युनायटेड स्टेट्स स्टील ही शंभर कोटींहून अधिक भांडवलाची जगातील पहिली कंपनी उभी राहिली. फ्रिक आणि कार्नेगी यांचे त्यापूर्वीच कोकच्या भावावरून भांडण होऊन प्रकरण कोर्टात गेले होते. दोघे पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, आपले जमशेटजी टाटा पोलादाची विद्या शोधीत पिट्सबर्गला गेले. तेथे ते इंजिनियर ज्युलियन केनेडी यांना भेटले. केनेडींनी चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले, आणि पेरिन हिंदुस्थानात आले. जमशेदपूरच्या भट्ट्यांचा नकाशा अशा रीतीने पिट्सबर्गकडून आला. पण पाळी तिकडून आली नाही. जमशेदपूरला १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला. खुद्द युनायटेड स्टेट्स स्टीलने बारा तासांची पाळी सोडली ती १९२३ साली, तीही राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मागे लागल्यावर. अमेरिकेकडे बोट दाखवून आठ तास परवडत नाहीत असे म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे ऐकवावेत. जमशेदपुरात पुढे १९२० आणि १९२८ साली मोठे संप झाले, तेव्हा तेथे सारे गोड होते असा अर्थ कोणी काढू नये.

होमस्टेडात १९१९ चा देशव्यापी पोलाद संपही मोडला गेला. १९३३ च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स गावात आल्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री. सभागृहात शिरू न दिलेले कामगार बाहेर उभे आहेत असे पाहून त्यांच्याशी बोलायला त्या निघाल्या, तर नगराध्यक्षाने बागेतही सभा घ्यायला मनाई केली. बाईंनी इकडेतिकडे पाहिले. समोर पोस्ट ऑफिसवर देशाचे निशाण फडकत होते. ती केंद्र सरकारची इमारत, तेथे नगराध्यक्षाची सत्ता चालत नव्हती. त्या सरळ पोस्टात शिरल्या आणि तेथे कामगारांचे म्हणणे ऐकून घेतले. एक्केचाळीस वर्षांनीही त्या गावात कामगाराशी बोलायला पोस्टाचा आसरा घ्यावा लागत होता.

१९३५ साली संघटनेच्या हक्काचा कायदा झाला. ५ जुलै १९३६ रोजी हजारो पोलाद कामगार होमस्टेडला जमले आणि १८९२ च्या मृतांना त्यांनी अभिवादन केले. या वेळच्या युनियनमध्ये कसबी आणि बिगारी, गोरे आणि काळे, सर्वांना एकच सभासदपत्र होते. २ मार्च १९३७ रोजी युनायटेड स्टेट्स स्टीलने संप न होता युनियनला मान्यता दिली. दिवसाला किमान ५ डॉलर्स, आठवड्याला ४० तास आणि जादा कामाला दीडपट मजुरी.

होमस्टेडचा कारखाना १९८६ साली बंद झाला. त्याच्या जागेवर १९९९ पासून दुकानांची मोठी वसाहत आहे. युनायटेड स्टेट्स स्टील ही कंपनी २०२५ च्या जूनमध्ये जपानच्या निप्पॉन स्टीलने विकत घेतली. जुन्या कारखान्याची बारा धुरांडी एका रांगेत उभी ठेवली आहेत, आणि ज्या पंपघराजवळ पिंकर्टन उतरले ते पंपघरही आहे. वाचनालय टेकडीवर अजून चालू आहे.